इंग्लंडमध्ये घर बदलताना प्राथमिक शाळेचा अर्ज : या चुका टाळा

इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळेत प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही, मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही आणि मुख्याध्यापकांशी ओळख असूनही उपयोग होत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर २०२१ च्या प्रवेशसंहितेनुसार शाळेला आधी जाहीर केलेल्या निकषांच्या क्रमानेच मुले घ्यावी लागतात. या क्रमात सर्वांत वर कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, देखभालीखालील मुले असतात. त्यानंतर बहुतेक शाळांत भावंडांचा आणि मग घरापासून शाळेपर्यंतच्या अंतराचा विचार होतो. ज्यांचे पहिलेच मूल शाळेत जायचे आहे, त्यांच्यासाठी अंतर हाच खरा निकष उरतो आणि सगळा प्रवेश एका प्रश्नावर येऊन ठेपतो : ठरावीक तारखेला मूल प्रत्यक्ष कुठे राहते? स्लाउ, हॅरो, रेडिंग किंवा मिल्टन कीन्समध्ये नोकरी आणि भाडेकरार बदलला म्हणून घर बदलणाऱ्या मराठी कुटुंबांचे अर्ज अडतात ते बहुतेक याच प्रश्नावर. पुढील माहिती केवळ इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधील पद्धत वेगळी आहे.

चुकीच्या इयत्तेसाठी चुकीचा अर्ज

येथे मुलाचे वय १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षानुसार मोजतात आणि चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरात मूल रिसेप्शनच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या, वर्गात जाते. म्हणजे १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात जन्मलेली मुले सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शनला जातील आणि त्यांचा अर्ज १५ जानेवारी २०२७ पर्यंत भरावा लागेल. महाराष्ट्रात पहिलीसाठी सहा वर्षांची अट असल्यामुळे नव्याने आलेले पालक मुलाला नकळत एक इयत्ता मागे धरतात. पुण्यात जूनमध्ये नुकतीच पहिलीत बसलेली आणि ऑगस्टमध्ये सहा वर्षे पूर्ण करणारी मुलगी इंग्लंडमध्ये सप्टेंबरपासून इयर टूमध्ये, म्हणजे रिसेप्शननंतरच्या दुसऱ्या इयत्तेत, गणली जाते. तिच्यासाठी जानेवारीच्या मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. तिला लागतो तो ‘इन-इयर’ अर्ज, जो वर्षभरात केव्हाही करता येतो.

काही भागांत मात्र इयर टूपर्यंतची इन्फंट शाळा आणि इयर थ्रीपासूनची ज्युनिअर शाळा वेगवेगळ्या असतात. अशा भागात डिसेंबरात राहायला गेलेल्या आणि इयर टूमध्ये मूल असलेल्या कुटुंबाला दोन अर्ज जवळजवळ एकाच वेळी करावे लागतात : सध्याच्या वर्षासाठी इन-इयर आणि पुढच्या सप्टेंबरातील ज्युनिअर शाळेसाठी नेहमीचा, ज्याची मुदतही १५ जानेवारीच असते. शाळेला जोडलेल्या नर्सरीत मूल जात असेल, तरी रिसेप्शनची जागा आपोआप मिळत नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे.

व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ मिळणार नाही असा शेरा पाहून काही पालक सरकारी शाळेचा अर्जच करायला कचरतात. सरकारी शाळेतील शिक्षण त्या निधीत मोडत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांची अवलंबित मुले या शाळांत मोफत शिकू शकतात.

टपालाच्या पत्त्यावरून कौन्सिल ठरवणे

अर्ज शाळेकडे नव्हे, तर मूल ज्या कौन्सिलच्या हद्दीत राहते त्या कौन्सिलकडे करायचा असतो, शाळा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत असली तरीही. मूल हद्दीबाहेर राहते एवढ्याच कारणावरून शाळेला त्याचा अर्ज मागे टाकता येत नाही, हे १९८९ च्या ग्रेनिच निकालापासून स्थिरावलेले तत्त्व आहे. गोंधळ होतो तो हद्द ओळखण्यात. लोअर अर्लीमधील घराच्या टपालाच्या पत्त्यात ‘रेडिंग’ असते, पण ते घर वोकिंगहॅम बरो कौन्सिलच्या हद्दीत येते, आणि रेडिंगच्या पश्चिम कडेला टपालाचा पत्ता रेडिंगचा आणि कौन्सिल वेस्ट बर्कशायरची असाही प्रकार आहे. नवीन घर पाहतानाच सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड घालून कौन्सिल कोणती ते पाहावे. अर्ज केल्यानंतर कौन्सिल बदलत असेल, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कौन्सिलना लेखी कळवावे. एकीला सांगितले म्हणजे दुसरीला आपोआप कळेल, असे गृहीत धरू नये.

घर मिळेल या आशेवर नवा पत्ता लिहिणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे आणि तिचे मूळ बहुधा सवयीत आहे. आपल्याकडे घराला टोकन दिले, की ते घर आपलेच झाले असे मानून पुढची सगळी व्यवस्था सुरू होते. इंग्लंडमध्ये विक्रेत्याने आपली किंमत मान्य केली, सॉलिसिटर (घरखरेदीचे काम पाहणारा वकील) नेमला आणि बँकेने कर्ज मंजूर केले, तरी करारपत्रांची देवाणघेवाण होईपर्यंत व्यवहार कोणावरही बंधनकारक नसतो आणि तोवर दोन्हीपैकी कोणताही पक्ष माघार घेऊ शकतो. म्हणून नव्या घराचा पत्ता धरण्यासाठी कौन्सिल सामान्यतः करारपत्रांची देवाणघेवाण झाल्याचे सॉलिसिटरचे पत्र मागते. भाड्याच्या घरासाठी दोन्ही बाजूंनी सही केलेला भाडेकरार मागितला जातो. एजंटची ईमेल किंवा आरक्षणासाठी भरलेल्या रकमेची पावती त्याची जागा घेऊ शकत नाही. अनेक कौन्सिल एवढ्यावरही थांबत नाहीत. जुने घर विकले किंवा सोडले याचा पुरावा, नव्या घराचे कौन्सिल टॅक्सचे बिल आणि ठरावीक तारखेपर्यंत कुटुंब प्रत्यक्ष तेथे राहायला गेले आहे याची खात्री, असे सगळे त्या पाहतात.

मालकीचे घर तसेच ठेवून चांगल्या शाळेजवळ सहा महिन्यांसाठी फ्लॅट भाड्याने घेतला, तर बहुतेक कौन्सिल मालकीच्याच घराचा पत्ता धरतात. आत्याचा किंवा मित्राचा पत्ता देणे तर सरळ फसवणुकीत मोडते. फसव्या किंवा जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्या माहितीवर मिळवलेली जागा मूल शाळेत जाऊ लागल्यानंतरही काढून घेता येते. हा उपाय सुचवणारी मंडळी घरच्या समारंभांत हमखास भेटतात. त्यांच्या मुलांचे प्रवेश कधीच होऊन गेलेले असल्यामुळे त्यांना यातला धोका दिसत नाही.

भारतातून येऊ घातलेल्या कुटुंबांची अडचण याच जातीची आहे. केवळ नोकरीचे नेमणूकपत्र दाखवून इंग्लंडमधला पत्ता धरून घेण्याची सोय संहितेत लष्करी कर्मचारी आणि परतणारे सरकारी अधिकारी यांच्यासाठी आहे, खासगी कंपनीने बदली केलेल्यांसाठी नाही. अनेक कौन्सिल मूल प्रत्यक्ष देशात येऊन राहू लागेपर्यंत नव्या पत्त्याचा विचार करत नाहीत, त्यामुळे नाशिकमध्ये बसून शाळा पक्की करूनच निघण्याचा बेत सहसा साधत नाही. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या निवासातून एखाद्या दूरच्या शाळेत जागा घेण्यापेक्षा, शक्य असल्यास आधी शाळांमधील रिकाम्या जागांची चौकशी करून मग भाड्याचे घर निवडणे शहाणपणाचे ठरते. कोणत्या शाळांत जागा शिल्लक आहेत, ही माहिती विचारल्यावर कौन्सिलने देणे बंधनकारक आहे.

घर होईपर्यंत अर्ज थांबवणे

पुरावा नाही म्हणून अर्जच न करणे ही वरच्या चुकीची दुसरी बाजू आहे. समजा, हॅरोमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा मिल्टन कीन्समधील घराचा व्यवहार डिसेंबरात सुरू झाला आहे आणि तो फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्ण होईल अशी अपेक्षा आहे. या कुटुंबाने १५ जानेवारीपूर्वी हॅरोच्या पत्त्यावरून, हॅरो कौन्सिलकडेच अर्ज करायचा. त्यात मिल्टन कीन्समधील शाळांची नावेही घालता येतात. मुदतीनंतर आलेले अर्ज वेळेत आलेल्या अर्जांना जागा दिल्यावरच विचारात घेतले जातात आणि तोवर लोकप्रिय शाळा भरलेल्या असतात. याउलट, वेळेत अर्ज केलेला असेल, तर बहुतेक कौन्सिल मुदतीनंतरची आणखी एक तारीख देतात. तोपर्यंत करारपत्रे किंवा भाडेकरार सादर केल्यास नवा पत्ता वेळेत दिल्यासारखा धरला जातो. ही तारीख प्रत्येक कौन्सिलची वेगळी असते, म्हणून कौन्सिलची प्रवेशपुस्तिका वाचताना सर्वांत आधी तीच शोधावी आणि सॉलिसिटरला ती पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी. व्यवहार एका आठवड्याने अलीकडे आणणे कधीकधी दोन्ही पक्षांना सहज जमते, पण कारण कोणी सांगितलेलेच नसते.

पसंतिक्रम भरतानाही अशीच घाई होते. लंडनमध्ये सहा आणि इतरत्र किमान तीन शाळांची नावे देता येतात, पण घर बदलणारे पालक सगळ्या जागा नव्या भागातील शाळांनी भरून टाकतात. व्यवहार फिसकटला, तर जुन्या घराजवळची एकही शाळा यादीत उरत नाही, आणि मुदतीनंतर बदललेला पसंतिक्रम उशिरा केलेल्या अर्जात धरला जाण्याचा धोका असतो. म्हणून सध्याच्या घराजवळची, जिथे जागा मिळण्याची शक्यता बरी आहे अशी एक तरी शाळा यादीत ठेवावी. तिचे नाव शेवटी लिहिल्याने नुकसान होत नाही. आपण शाळेला कितवी पसंती दिली, हे पाहून शाळा क्रम लावत नाही. ज्या शाळांत आपला क्रमांक लागतो, त्यांपैकी आपण सर्वांत वर लिहिलेली शाळा कौन्सिल देते. एकच शाळा सहा वेळा लिहिणारे किंवा एकच नाव देऊन बाकीच्या जागा मोकळ्या ठेवणारे पालकही असतात. त्यामुळे त्या शाळेतील शक्यता तसूभरही वाढत नाही. धर्माधारित शाळांना बहुधा कौन्सिलच्या अर्जाबरोबर शाळेचा पूरक अर्जही लागतो आणि घर बदलण्याच्या धांदलीत तो हमखास राहून जातो.

‘हे घर शाळेच्या हद्दीत आहे’ यावर विसंबणे

घर विकणारा किंवा भाड्याने देणारा एजंट हे वाक्य सहज बोलून जातो. बऱ्याच शाळांना आखलेली हद्द नसतेच. गेल्या वर्षी शेवटचे मूल किती अंतरावरून घेतले गेले, एवढाच आकडा असतो आणि तो दरवर्षी बदलतो. ज्या वर्षी भावंडे जास्त, त्या वर्षी हे अंतर आखडते. कौन्सिल हे आकडे प्रसिद्ध करते, म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे पाहावेत आणि आपले घर त्यांतील सर्वांत लहान अंतराच्या आत बसते का ते तपासावे. अंतर सरळ रेषेत मोजतात की पायी जाण्याच्या वाटेने, हेही शाळेच्या धोरणात लिहिलेले असते. नकाशाच्या ॲपवर दिसणारे अंतर कौन्सिलच्या मोजणीशी जुळेलच असे नाही.

भावंडांची सवलतही घराबरोबर बदलू शकते. मोठे मूल जुन्या घराजवळच्या शाळेत शिकत राहिले, म्हणून धाकट्याला तेथे प्राधान्य मिळेलच असे नाही. मोठ्याच्या प्रवेशानंतर कुटुंब ठरावीक अंतराबाहेर गेले, तर काही शाळा हे प्राधान्य काढून घेतात. दोन मुले असलेल्यांनी घर पसंत करण्यापूर्वी हे कलम वाचावे, कारण नंतर सकाळी पावणेनऊला दोन गावांतल्या दोन फाटकांवर उभे राहण्याची वेळ येते.

जुनी शाळा आधी सोडणे

वर्षाच्या मध्ये घर बदलताना नव्या शाळेची जागा लेखी मिळेपर्यंत जुन्या शाळेच्या पटावरून मुलाचे नाव काढू नये. इन-इयर अर्जाचा निकाल १५ शालेय दिवसांत लेखी कळवणे बंधनकारक आहे. यात ‘शालेय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुलैच्या अखेरीस शाळा बंद झाल्यावर केलेल्या अर्जाचे दिवस सप्टेंबरात मोजायला सुरुवात होते. उन्हाळी सुटीत घर बदलायचे असेल, तर भाडेकरारावर सही होताच, शाळा सुरू असेपर्यंतच अर्ज करावा. काही शाळा इन-इयर अर्ज स्वतः घेतात, काहींचे कौन्सिल घेते. कोणते कोण पाहते, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर मिळते.

मनाजोगी शाळा न मिळाल्यावर

रिसेप्शनचा निकाल १६ एप्रिलला किंवा त्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी लागतो. दूरची शाळा मिळाली म्हणून रागाने जागा नाकारू नये. नाकारल्याने वरच्या पसंतीच्या शाळेत वर्णी लागण्याची शक्यता वाढत नाही, आणि कौन्सिलवर दुसरी जागा शोधून देण्याचे बंधनही उरत नाही. जागा स्वीकारूनही हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षायादीत राहता येते. ही यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवली जाते आणि प्रत्येक नवे नाव आले, की निकषांनुसार पुन्हा लावली जाते. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावरचे मूल काहीही न घडता पाचव्यावर जाऊ शकते. घर बदलणाऱ्यांना मात्र याच नियमाचा फायदा होतो : नव्या घराची कागदपत्रे दिल्यावर त्यांचे मूल महिनोन्महिने यादीत असलेल्यांच्याही पुढे जाऊ शकते. एप्रिलनंतर राहायला गेलेल्यांनी म्हणूनच पत्ता लगेच बदलून घ्यावा. दिलेली शाळा आठ वर्षांखालील मुलासाठी दोन मैलांपेक्षा दूर असेल आणि जागा असलेली योग्य अशी जवळची शाळा तीच असेल, तर मोफत वाहतुकीचा हक्कही तपासून पाहावा.

अपील करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि त्यासाठी नकार कळल्यापासून किमान २० शालेय दिवस मिळतात. परंतु रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा असल्यामुळे, वर्ग भरलेला असताना ‘ही शाळा घराजवळ आहे’ किंवा ‘मोठा मुलगा तेथेच आहे’ एवढ्यावर अपील टिकत नाही. अशा अपिलात समिती प्रामुख्याने प्रवेशप्रक्रियेत चूक झाली का, किंवा निर्णय अगदीच अवाजवी होता का, हे पाहते. नवा पत्ता मुदतीत, पुराव्यासह दिला होता आणि तरीही अंतर जुन्या पत्त्यावरून मोजले गेले, ही मात्र प्रक्रियेतील चूक ठरू शकते. ती सिद्ध करण्यासाठी कागदपत्रे पाठवल्याची ईमेल आणि कौन्सिलकडून आलेली पोच दोन्ही जपून ठेवलेली हवीत.