ब्लॉब ॲनिमेशन द्रव वाटत नाही? या चुका टाळा

आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोळे एकमेकांकडे सरकवले, ब्लर दिला, चोकर (कड आत कापणारा इफेक्ट) लावला, तरी ते द्रवासारखे एकजीव होत नाहीत. दोष बहुतेक वेळा गोळ्यांच्या हालचालीत नसतो, त्यांच्या कडेत असतो.

संगणक ग्राफिक्सचे संशोधक जिम ब्लिन यांनी 1982 मध्ये मांडलेली मेटाबॉलची कल्पना इथेही लागू पडते. प्रत्येक गोळ्याभोवती कमी होत जाणारा प्रभाव असतो. दोघांच्या प्रभावाची बेरीज ठरावीक मर्यादा ओलांडते तिथे मधली मान तयार होते. आपल्याकडे हा प्रभाव म्हणजे ब्लर झालेला अल्फा (लेअर कुठे किती पारदर्शक ते सांगणारं चॅनल), आणि मर्यादा लावण्याचं काम चोकर किंवा लेव्हल्स इफेक्ट करतो. म्हणून आधी ब्लर, मगच चोकर. क्रम उलटा झाला की हाती नुसते धूसर गोळे राहतात. फास्ट बॉक्स ब्लर वापरत असाल तर इटरेशन्स (ब्लर किती वेळा फिरवायचा तो आकडा) 3 ठेवा; 1 वर कड चौकोनी पसरते.

सगळ्यात जास्त अडकायला होतं ते बॅकग्राउंडमुळे. ब्लर आणि चोकर ज्या ॲडजस्टमेंट लेअरवर लावता, तो खालच्या सगळ्याच लेअर्सवर चालतो. खाली अपारदर्शक बॅकग्राउंड असेल तर सगळीकडे अल्फा पूर्ण भरलेला, मग चोकर कापणार काय? गोळे आणि ॲडजस्टमेंट लेअर वेगळ्या प्रीकॉम्पमध्ये (लेअर्स एकत्र बांधलेल्या आतल्या कॉम्पोझिशनमध्ये) घ्या, बॅकग्राउंड बाहेर ठेवा. रंग किंवा ग्रेडियंटही त्या प्रीकॉम्पवर बाहेरूनच द्या, नाहीतर ब्लरमध्ये रंग एकमेकांत मिसळून कडा मळकट होतात.

कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते? लेव्हल्समध्ये अल्फाचे इनपुट ब्लॅक 115 आणि इनपुट व्हाइट 140 केलेत, तर 8 बिटमधल्या 256 पातळ्यांपैकी जेमतेम 25 वर अख्खी कड उभी राहते. ब्लर मोठा असेल तर हे लगेच डोळ्यात भरतं. प्रोजेक्ट पॅनलच्या तळाशी बिट डेप्थवर ऑल्ट धरून क्लिक करा आणि 16 बिट घ्या. त्यानंतरही कड कडक वाटली तर दोन आकड्यांमधलं अंतर थोडं वाढवा.

आता वेग. गोळे सुटताना दोन्ही टोकांना इझी इझ (वेग आपोआप मऊ करणारी सेटिंग) लावून मोकळं होऊ नका. थेंब आधी रेंगाळतो, मान बारीक होत जाते आणि मग तुटून तो झटकन सुटतो. ग्राफ एडिटरमध्ये सुरुवात संथ ठेवा, तुटण्याच्या क्षणी वेग चढवा. सुटलेला गोळा चार-पाच फ्रेम्स ओढीच्या दिशेने 110 टक्के ताणा, आडवा 91 टक्के करा, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. दोन्हीकडून नुसता मोठा केलात तर तो फुग्यासारखा फुगतो.

लूप हवा असेल तर विगल एक्स्प्रेशनच्या (गोळा स्वैर हलवणाऱ्या सूत्राच्या) नादी लागू नका. शेवट सुरुवातीला आपोआप जुळत नाही. टर्ब्युलंट डिस्प्लेस या कडा वेड्यावाकड्या हलवणाऱ्या इफेक्टमध्ये सायकल इव्होल्यूशन चालू करून सायकल 1 ठेवा आणि इव्होल्यूशनला एक पूर्ण फेरी द्या. 25 फ्रेम्सच्या वेगाने 4 सेकंदांचा लूप असेल तर कीफ्रेम्स (किंमत पक्की करणाऱ्या खुणा) फ्रेम 0 आणि 100 वर, दोन्ही लिनिअर, म्हणजे एकसमान वेगाच्या. रेंडर मात्र 0 ते 99. 100 क्रमांकाची फ्रेम घेतली तर पहिलीच फ्रेम दोनदा येते आणि जोडावर हलकासा अडखळा बसतो.