ढेकूण, उवा, गोचीड : औषध आणण्याआधी या चुका टाळा

ढेकूण झाले की सगळ्यात आधी शिक्षा होते ती गादीला. चादरीवर रक्ताचे डाग दिसतात, चादर धुतली जाते, गादी गच्चीवर उन्हात पडते आणि संध्याकाळी निर्धास्तपणे परत अंथरली जाते. चार दिवसांनी पुन्हा खाज सुरू. कारण ढेकूण पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि निघून जातो. दिवसभर तो पलंगाच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे नाहीतर स्विचबोर्डाच्या फटीत असतो. शाईचे बारीक थेंब पडावेत तसे काळे ठिपके जिथे दिसतील, तिथे त्याचं घर आहे असं समजा. बॅटरी घेऊन ते शोधायचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढचं काहीच जमत नाही.

उन्हाचाही फार भरवसा धरू नका. ढेकूण आणि त्याची अंडी मरायला साधारण पन्नास अंशांच्या वर उष्णता लागते. जाड गादी वरून चटका देते, आतून तेवढी तापत नाही. चादरी, अभ्रे, पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढा. जुन्या लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची रीत होती, ती शहाणपणाचीच होती.

दुसरी चूक फवाऱ्याची. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि ढेकणांच्या अनेक वंशांना ते आता पचतं. मरत तर नाहीतच, उलट पांगतात आणि शेजारच्या खोलीत जातात. व्यावसायिक पेस्ट कंट्रोल केलं तरी एका फेरीत काम संपत नाही. अंडी औषधाला बरीचशी दाद देत नाहीत आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच, आणि ती ठरलेल्या पैशांत धरली आहे का हे आधीच विचारून घ्या. ‘महिनाभर खोली बंद ठेवू, उपाशी मरतील’ हा हिशोबही चुकतो. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो.

घरात एकट्यालाच गांधी उठतात म्हणून बाकीचे त्याला वेड्यात काढतात, तेही बरोबर नाही. चावे सगळ्यांनाच बसतात, पण काहींच्या अंगावर काहीच उमटत नाही.

एक चूक मात्र जिवावर बेतते. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ढेकणांसाठी ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, भिंतीच्या फटींतून शेजारच्या घरातही पोचतो, आणि या विषावर उतारा नाही. ढेकणांमुळे माणसाला कुठला रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. मग मारायचं औषध त्यांच्याहून घातक कशाला?

उवांचं गणित उलटं आहे. ऊ डोक्यावरच राहते, खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. तरी लोक उशा-गाद्या धूत बसतात आणि धाकट्या बहिणीचं डोकं बघायचं विसरतात. ऊ उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. तेव्हा घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा आणि ज्यांच्या डोक्यात उवा सापडतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून परमेथ्रिनचं लोशन लावलं असेल तर नऊ-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. मधल्या काळात ओल्या केसांतून बारीक दातांची फणी, कितीही रडारड झाली तरी. केसाच्या मुळापासून लांब चिकटलेल्या पांढऱ्या लिखा म्हणजे बहुधा रिकामी टरफलं असतात, त्या दिसल्या म्हणून औषधाचा मारा वाढवू नका.

रॉकेल आणि शेतातली कीटकनाशकं डोक्याला लावायची नाहीत, हे सांगायलाच नको. सीताफळाच्या बियांच्या पुडीबद्दल मात्र सांगावं लागतं, कारण ती ‘घरगुती’ वाटते. ऊ मरते, पण पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण येतात.

पावसाळी ट्रेकमध्ये जळू लागली तर मीठ किंवा काडीच्या चटक्याऐवजी नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेतला हिरुडिन ते गोठू देत नाही. स्वच्छ कापडाने दाबून धरा.

गोचीड मात्र हलक्यात घेऊ नका. तेल, रॉकेल, जळती उदबत्ती लावून ती सुटायची वाट बघू नये. अशाने ती आपली लाळ आणखी जखमेत सोडू शकते. बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. नखांत चिरडू नका. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हा विषाणूचा ताप) आला तो गोचिडींतूनच. काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. त्यानंतर आठवड्याभरात ताप आणि जोराची डोकेदुखी आली तर ‘मी रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते प्रत्येक वेळी विचारतीलच असं नाही.