स्लॅबवर सोलर बसवताना या चुका टाळा, नाहीतर पावसाळ्यात बादल्या मांडायची तयारी ठेवा

जून लागला की माझे फोन सुरू होतात. दादा, सोलर बसवल्यापासून छत गळतंय. वर जाऊन बघावं तर तेच, पॅनलच्या स्टँडच्या प्रत्येक पायाला चार-चार अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून ठोकायचे बोल्ट, ठोकलेले आणि भोवती सिलिकॉनची पिचकारी.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या स्लॅबवर वीटबॅटचा कोबा असतो, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, तीन-चार इंच जाड, वर चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे. तेच तुमचं वॉटरप्रूफिंग. त्यात चार इंचाचा फास्टनर मारला की तो सगळा कोब्यातच राहतो, खाली काँक्रीटला लागतच नाही, म्हणजे पकडही नाही आणि पाण्याला रस्ता मात्र झाला.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. सुरुवातीच्या काळात साताऱ्यात एका गुरुजींच्या घरी ३ किलोवॅट बसवलं, घाई होती, पोराला म्हटलं मार ड्रिल. भोकातून लाल भुकटी येत होती, मी शेजारीच उभा होतो, डोक्यात उजेड पडला नाही. लाल भुकटी म्हणजे वीट, करडी म्हणजे काँक्रीट, एवढं साधं! पहिल्या मोठ्या पावसानंतर गुरुजींचा फोन, हॉलमध्ये पंख्याच्या पाईपातून पाणी टपकतंय. पॅनल हॉलवर नव्हतेच, ते मागच्या खोलीवर. दोन दिवस आम्ही पंख्याच्या वरचाच भाग खरवडत बसलो. पाणी शिरलं होतं भोकातून, कोब्यातून उताराने सरकत गेलं आणि वायरिंगचा पाईप सापडला तिथून उतरलं. म्हणून डाग दिसतो तिथेच डांबर फासू नका, वरच्या चढाकडे शोधा. शेवटी सगळे फास्टनर काढले, कोबा दुरुस्त केला, खर्च माझा. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून कोब्याला ड्रिल लावत नाही. वर काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे स्टँडच्या पायाखालचे ठोकळे, ओततो, बोल्ट आतच सोडून. आधी जागा खरवडून धुवायची, बाँडिंग केमिकल लावायचं, ओतून झालं की बुडाला चारी बाजूंनी वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा उतार) मारायचा आणि सात दिवस पाणी मारायचं. हे सात दिवस कुणालाच नको असतात. ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून लोक बसवतात आणि पेडेस्टलमध्येच पैसे वाचवायला जातात, काय बोलणार. ठोकळे नुसते ठेवून वजन कमी धरणारेही भेटतात. पॅनल वाऱ्यात पतंगासारखं उचललं जातं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात पत्र्यांचं काय झालं ते आठवा.

पत्र्याचं छत असेल तर स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. आणि खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याखालची आडवी पट्टी, असायलाच हवी, नुसत्या पत्र्यात धरलेला स्क्रू वाऱ्याने हळूहळू सैल होतो. रबरी वॉशर जरासा फुगला की थांबा. नवीन पोरं ड्रिल कर्रकर्र फिरवून वॉशर पार चेपून टाकतात, घट्ट म्हणजे चांगलं असं त्यांना वाटतं, मग दोन उन्हाळ्यांत रबर फाटतं. मी शेवटचे दोन आटे हातानेच देतो, हसले तरी हसू देत.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, आधी फळी टाका.

स्टँडचा लोखंडी पाईप कापला की टोकाला झिंकचा स्प्रे मारा, नाहीतर गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात.

ओल्या किंवा धुळीच्या जागी सिलिकॉन चिकटत नाही, आणि छतावर तसंही पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच वापरा.

केबल खाली न्यायला स्लॅबला भोक पाडायची गरज नाही, पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, बाहेरच्या भिंतीने उतरवा.

पेडेस्टल पाणी जायच्या पाईपाच्या वाटेत येत नाही ना ते आधी बघा. मी गच्चीवर बादलीभर पाणी ओततो, ते कुठे जातं ते बघतो आणि मगच खडूने खुणा करतो.