हवामानाच्या नोंदी नकाशावर टाकताय? या चुका टाळा

इगतपुरीचा पाऊस शहापुरात पडलेला मी पाहिलाय. नकाशावर, आणि चूक माझीच. नोंदवहीत अक्षांश १९ अंश ४२ मिनिटं, रेखांश ७३ अंश ३३ मिनिटं होते. मी एक्सेलमध्ये सरळ १९.४२ आणि ७३.३३ टाईप केलं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे १९.७० आणि ७३.५५. तेवढ्या आळसापायी ठिपका कसारा घाट उतरून शहापूरजवळ जाऊन बसला. अशी चूक लवकर सापडत नाही, कारण ठिपका महाराष्ट्रातच असतो. त्यापेक्षा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल परवडली! क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरला एक्समध्ये रेखांश आणि वायमध्ये अक्षांश लागतो. उलटं दिलंत तर नाशिक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात तरंगतं. हे कुणालाही दिसतं.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून. साधा बाण वापरणार असाल तर १८० मिळवा, नाहीतर जुलैतला वारा नाशकातून समुद्राकडे निघालेला दिसेल. दांडीला रेघा जोडून वेग दाखवणारं पिसांचं चिन्ह वापरलं तर वेग नॉटमध्ये हवा: पूर्ण रेघ १०, अर्धी ५, त्रिकोण ५०. ताशी किलोमीटरचा आकडा आधी १.८५२ ने भागा.

पावसाचा घोळ तारखेत असतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून १५ जुलैच्या नोंदीतला बराचसा पाऊस १४ तारखेचा असतो. मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे आकडे त्यातच मिसळले, की एका गावात धो धो आणि शेजारी कोरडं.

नोंद नसेल तिथे काही फाइलींत उणे ९९९ भरलेलं असतं. निफाडच्या गारठ्याची दर हिवाळ्यात बातमी होते हे खरं, पण इतकाही नाही. ते आकडे आधी काढा. त्यांच्या जागी शून्य मात्र टाकू नका.

आणि हवेचा दाब. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथला दाब मुळातच कमी. केंद्रावर मोजलेला दाब समुद्रसपाटीच्या हिशोबात न बदलता मुंबईच्या आकड्याशेजारी मांडलात, तर नाशकावर चक्रीवादळ घोंगावताना दिसेल.

इगतपुरी आणि सिन्नर अशा दोनच केंद्रांवरून सॉफ्टवेअर मधला पाऊस हळूहळू कमी होत गेल्यासारखा रंगवतं. घाटाचा कडा आणि पर्जन्यछाया त्याच्या गावीही नसते. केंद्रं मोजकी असतील तर मी रंग भरतच नाही, ठिपक्याशेजारी आकडा लिहितो.