चिमुकल्या पीसीचा पंखा मी गप्प कसा केला

मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. टेबलाच्या एका टोकाला मायक्रोफोन, दुसऱ्या टोकाला पीसीची दहा लिटरची पेटी. एका बाजूला मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे १७० बाय १७० मिमीचा मदरबोर्ड, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून रायझर केबलवर, म्हणजे बोर्डाला कार्ड दुरून जोडणाऱ्या पट्टीवर, ग्राफिक्स कार्ड. आत रायझेन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर आणि त्यावर नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा ३७ मिमी उंचीचा कूलर. पहिलंच प्रकरण वाचून ऐकलं, तर दोन वाक्यांमधल्या शांततेत पंखा चढतोय, उतरतोय, परत चढतोय. एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने पुसता येते. असा हेलकावे खाणारा आवाज मात्र पुसायला गेलं की माझाही आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यामुळे आवाज कमी हवाच, पण त्याहून आधी तो स्थिर हवा, हे मी डोक्यात पक्कं केलं.

सगळे करतात ती चूक मीही केली: आधी महाग पंखा आणला. फरक शून्य. लहान पेटीत सुरुवात उष्णतेपासूनच करायची. हा प्रोसेसर मोकळा सोडला तर १४२ वॅटपर्यंत खातो, आणि ३७ मिमीच्या कूलरला तेवढं झेपत नाही. मग तो ९५ अंशांना जाऊन टेकतो. ती त्याची ठरलेली कमाल मर्यादा आहे, त्यामुळे लगेच जळत वगैरे नाही, पण पंखा सतत पूर्ण वेगाने बोंबलतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, इको मोड या वीज वाचवणाऱ्या सेटिंगमधला ६५ वॅटचा पर्याय निवडा. नावात ६५ असलं तरी प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅट होते. सगळे कोअर राबवणाऱ्या कामात माझ्याकडे पाच-सात टक्के वेग गेला, रोजच्या कामात तर काहीच जाणवलं नाही. इंटेलवाल्यांनी हेच पीएल१ आणि पीएल२ हे वीजमर्यादेचे आकडे उतरवून करावं.

मग झाकण-चाचणी. हिला पैसा लागत नाही. कुठलीही ताण देणारी चाचणी वीस मिनिटं चालवा, पाच मिनिटं पुरत नाहीत, कारण पेटीचा पत्रा तापायला वेळ लागतो. तापमान लिहून ठेवा. मग बाजूचं झाकण काढा आणि पुन्हा वीस मिनिटं. माझं बंद झाकणाला ८८, उघड्याला ७९. नऊ अंशांचा फरक म्हणजे कूलर बिचारा ठीक आहे, त्याला ताजी हवाच मिळत नाही. फरक दोन-तीन अंशांचाच आला असता, तर मी प्रोसेसर आणि कूलर यांच्यातली पेस्ट आणि कूलरची बसवणूक तपासली असती.

हवा का मिळत नव्हती? पंख्याचं तोंड आणि झाकणाची जाळी यांच्यात फट होती. पंखा बाहेरून हवा ओढण्याऐवजी त्या फटीतून पेटीतलीच गरम हवा परत परत गिळत होता. उपाय म्हणजे फोमची चौकट. आधी फट मोजायची, आणि बंद पेटीच्या आत पट्टी घालता येत नाही. म्हणून मुलीच्या खेळण्यातल्या रंगीत मातीच्या चार गोळ्या पंख्याच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या, झाकण बसवलं, काढलं. दबलेल्या गोळ्यांची जाडी ७ मिमी भरली. ८ मिमीचा, बारीक छिद्रांचा, भुसा न पडणारा फोम घेतला, म्हणजे किंचित दबून बसतो. आधी पुठ्ठ्यावर आकार कापून पाहिला: बाहेरून ९२ मिमीचा चौकोन, आत गोल भोक. भोकाची कड पंख्याच्या पात्यांपासून दोन मिमी तरी लांब ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीला फर्रर्र. दुहेरी टेपने तो झाकणाला नाही, पंख्याच्या चौकटीला चिकटवा. झाकण काढताना फाटत नाही. एवढ्यावर बंद झाकणाचं तापमान ८८ वरून ८१ वर आलं.

तुमची फट दोन-तीन मिमीचीच असेल तर गोष्ट वेगळी. पातं जाळीच्या इतकं जवळ फिरलं की हवा फाटते आणि बारीक शीळ ऐकू येते. तिथे पातळ पंखा लावून अंतर वाढवणं बरं.

आता पंख्याचा वेग. वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनी उतरतो. म्हणून दोन-चार अंश जास्त सोसायला मी केव्हाही तयार. ७० अंशांपर्यंत मिनिटाला सपाट १००० फेरे, ८० ला १४००, त्यापुढे १८००. पण खरी किल्ली बायोसमधली उशिराची सेटिंग. चिप इतकीशी असते की ब्राउझर उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारते आणि तशीच खाली येते. कूलरच्या धातूला त्याचा पत्ताही लागलेला नसतो, पंखा मात्र दचकून धावतो. वेग वाढण्याआधी आणि कमी होण्याआधी काही सेकंद थांबायला सांगणारा पर्याय शोधा. नाव बोर्डागणिक बदलतं. तो लावला आणि ते हेलकावे थांबले.

एक भुणभुण तरी उरली. पंखा हळूहळू चढवत ऐकलं, तर ११५० ते १२५० फेऱ्यांच्या मध्येच यायची. ती चालू असताना झाकणावर एकेक बोट दाबत गेलो. वरच्या कोपऱ्यापाशी बोट टेकलं आणि आवाज गायब. पंखा निर्दोष, पत्रा गात होता! तिथे आतून नमद्याची पट्टी लावली, आणि वेगाच्या आलेखात त्या टप्प्यावर न रेंगाळता पंखा पुढे निघून जाईल असा उतार तीव्र केला.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात. माझं आरटीएक्स ४०७०, मूळ मर्यादा २०० वॅट. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग आणि व्होल्टेज ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आलेखात ०.९५ व्होल्टला २५०० मेगाहर्ट्झवर रेषा सपाट केली, दीडशेच्या आसपास वॅट लागतात. व्होल्टेज कमी केलं की वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून इथली थोडी काटछाट मोठं काम करते. कार्ड अडखळलं तर एक पायरी वर जा. कार्डावरच्या कॉइलची चिर्र ऐकू येत असेल तर फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्या आकड्याला, लगाम घाला, बहुतेकदा विझते.

पॉवर सप्लायला हात लावू नका, उघडायचा तर नाहीच. एसएफएक्स या लहान आकाराच्या सप्लायमध्ये बऱ्याचदा ९२ मिमीचा पंखा असतो, आणि 'कमी भाराला पंखा बंद' हे कौतुक लहान पेटीत उलटं पडतं: कार्डाची गरम हवा लागून तो सारखा चालू-बंद होतो. त्या सोयीचं बटण असेल तर ती सोय बंदच ठेवा, कायम फिरणारा मंद पंखा परवडला.

बोर्डाच्या पाठीमागचा एम.२ एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी पातळ पट्टी, विसरू नका. तिथे हवा जवळपास पोहोचतच नाही. माझा मोठ्या फायली हलवताना मंदावायचा. तो आणि पत्र्याचा ट्रे यांच्यात थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ चकती, ठेवल्यावर सुटला.

धूळ दर दोन-तीन महिन्यांनी उडवतो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मी एकदा नुसतं भिरभिरू दिलं होतं, मजा वाटली म्हणून, आणि त्या पंख्याचं बेअरिंग पुढच्याच आठवड्यात खरखरायला लागलं.