एचडी टीव्हीवर केबलचे चित्र नीट दिसत नाही? आधी या चुका टाळा

एचडी टीव्हीवर केबलचे चित्र समाधानकारक दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी तक्रारीपूर्वीच काहीतरी विकत आणलेले असते. कोणी सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल आणतो, कोणी ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे यंत्र, बसवतो, तर कोणी सरळ टीव्हीच बदलतो. आणि एवढे करूनही दोष जागच्या जागी राहिला की केबलचालकाच्या नावाने बोटे मोडली जातात. दोष कोणत्या प्रकारचा आहे हे पाहायला पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे द्यायला कोणी तयार नसतो.

धूसर चित्र आणि फुटणारे चित्र यांत गल्लत करणे

ही सगळ्या चुकांची जननी आहे. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, आणि कुठे परावर्तन होत असेल तर प्रत्येक आकृतीशेजारी तिची पुसट सावली दिसे. चित्र हळूहळू बिघडत जाई, त्यामुळे ‘चित्र खराब म्हणजे सिग्नल कमी’ हा हिशेब तेव्हा बरोबर होता. डिजिटल केबलमध्ये चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती सिग्नलबरोबरच पाठवलेली असते. ती दुरुस्ती जोवर पुरी पडते तोवर चित्र अगदी निर्दोष असते, आणि ज्या क्षणी ती अपुरी पडते त्या क्षणी पडद्यावर चौकोन उमटतात, चित्र अडकते, आवाज तुटतो आणि शेवटी पडदा काळा होतो. मधला ‘थोडे धूसर’ असा टप्पा तिथे नाही.

म्हणून चित्र सतत मऊ, पसरट किंवा पुसट दिसत असेल, पण कधीच तुटत नसेल, तर सिग्नल व्यवस्थित पोहोचलेला आहे आणि दोष तो दाखवण्यात आहे. उलट चित्र एरवी लख्ख असून मधूनच फुटत असेल, तर दोष केबलच्या वाटेवर आहे. पहिल्या दोषावर ॲम्प्लिफायर निरुपयोगी आहे आणि दुसऱ्यावर टीव्हीची चित्राची सेटिंग बदलून काहीही साधत नाही. एवढे एक वर्गीकरण मनात पक्के केले तरी निम्मी खरेदी वाचते.

एचडी टीव्हीला पिवळी पिन जोडणे

नवा टीव्ही आला की जुन्या टीव्हीच्या मागची पिवळी-लाल-पांढरी वायर जशीच्या तशी त्याला जोडली जाते, चित्र दिसते आणि काम संपले असे समजले जाते. त्या पिवळ्या पिनेतून ५७६ किंवा ४८० ओळींचे जुन्या दर्जाचे चित्रच जाऊ शकते. सेट-टॉप बॉक्स एचडी असो, वाहिनी एचडी असो, टीव्ही कितीही महाग असो, तिच्यातून एचडी चित्र जाणे शक्यच नाही. ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चित्रात सुमारे चार लाख बिंदू असतात, तर १९२० गुणिले १०८० च्या चित्रात वीस लाखांहून अधिक. जे बिंदू मुळात आलेच नाहीत ते टीव्ही अंदाजाने भरतो, आणि त्या अंदाजालाच लोक ‘सिग्नल खराब’ म्हणतात.

एचडीएमआय केबल लावल्यावरही काम पुरे होत नाही. अनेक बॉक्सच्या सेटिंगमध्ये बाहेर जाणारे चित्र कोणत्या दर्जाचे असावे हे ठरवावे लागते, आणि ते जुन्याच दर्जावर अडकलेले असू शकते. ते १०८०आय, ७२०पी किंवा बॉक्सला जमत असल्यास १०८०पी या एचडी दर्जावर न्यावे. माझी सवय अशी आहे की बॉक्सच्या सेटिंगवर विश्वास न ठेवता टीव्हीच्याच रिमोटवरील माहितीचे बटण दाबावे. बहुतेक टीव्ही आत येणाऱ्या चित्राचा दर्जा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतात. तिथे ५७६ किंवा ४८० दिसत असेल तर पुढचे काहीही तपासण्याचे कारण नाही.

मग वाहिनीचा क्रमांक पाहावा. एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशी दोन रूपे बहुधा वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात, आणि हाताच्या सवयीने जुनाच क्रमांक दाबून वर्षानुवर्षे साधी वाहिनी पाहणारी घरे मी पाहिली आहेत.

याच गटातील काही चुकांना एकेक वाक्य पुरे. चौकोनी चित्र ताणून पडदा भरू नये. माणसे रुंद दिसतात आणि तपशील मात्र वाढत नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीतील ओव्हरस्कॅन बंद करावे. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा वेगवेगळ्या नावांखाली ती सोय सापडते. शार्पनेस शेवटपर्यंत वाढवू नये, कारण त्याने केवळ कडांभोवती पांढऱ्या रेषा उमटतात. दोन मीटरच्या एचडीएमआय केबलसाठी जादा पैसे मोजल्याने चित्र अधिक स्वच्छ होत नाही; ती केबल सदोष असली तर ठिपके चमकतात किंवा चित्र जाते, ते फिकट होत नाही.

स्प्लिटरवर स्प्लिटर आणि त्यावर ॲम्प्लिफायर

आता फुटणाऱ्या चित्राकडे वळू. या चुकीवर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण घाईने केलेली सोय किती दूरवर त्रास देते हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

एक परिचित गृहस्थ काही ठरावीक एचडी वाहिन्या फुटतात म्हणून त्रस्त होते. बाकीच्या वाहिन्या उत्तम दिसत, म्हणून त्यांचा निष्कर्ष असा की त्या वाहिन्यांचे प्रक्षेपणच खराब आहे. त्यांनी बॉक्स बदलून घेतला होता, आणि मी पोहोचेपर्यंत टीव्हीच्या मागे एक ॲम्प्लिफायरही बसला होता. तो बसल्यापासून पूर्वी नीट दिसणाऱ्या वाहिन्याही अधूनमधून अडखळू लागल्या होत्या, पण ‘ॲम्प्लिफायर काढला तर आणखी बिघडेल’ या भीतीने त्याला कोणी हात लावत नव्हते.

अशा वेळी मी घरातल्या कोणत्याही जोडणीकडे आधी पाहतच नाही. बॉक्स आणि एखादा लहान टीव्ही उचलून केबल घरात जिथे शिरते तिथे न्यावा आणि मध्ये काहीही न ठेवता थेट जोडावा. तिथे चित्र फुटले तर दोष बाहेरचा. तिथे नीट दिसले तर दोष घरातला. त्या घरी दारापाशी एकूण एक वाहिनी निर्दोष दिसली. मग वाटेवर एकेक टप्पा पुढे सरकत गेलो. प्रवेशाजवळच चार वाटांचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलचा सिग्नल अनेक वाटांत वाटणारी जोडणी, होता आणि त्याच्या दोन वाटा रिकाम्या, उघड्या होत्या. त्यातल्या एका वाटेवरून पुढे गेलेल्या केबलला कपाटामागे दोन वाटांचा आणखी एक स्प्लिटर होता, त्याची दुसरी वाट खोलीतून केव्हाच हलवलेल्या टीव्हीसाठी होती. तिथून पुढे भिंतीच्या कडेने जुनी, बारीक आरजी-५९ केबल, आणि अगदी शेवटी तो ॲम्प्लिफायर.

हिशेब साधा आहे. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे साडेतीन डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) खातो, चार वाटांचा सुमारे सात. दोन्ही मिळून साडेदहा डेसिबल, म्हणजे आलेल्या शक्तीचा जेमतेम अकरावा हिस्सा पुढे जातो, आणि केबलमधील घट त्याहून निराळी. ही घट सर्व वाहिन्यांना सारखी नसते. वारंवारता जितकी वरची तितकी ती अधिक, आणि जाड आरजी-६ केबलपेक्षा आरजी-५९ मध्ये ती जास्त. ‘नेमक्या त्याच वाहिन्या फुटतात’ याचे कारण हे होते: त्या वरच्या वारंवारतांवर होत्या आणि सर्वांत आधी उंबरठ्याखाली घसरत होत्या. त्यातच त्या रिकाम्या वाटांवरून सिग्नल परावर्तित होत होता.

ॲम्प्लिफायरने यात काय साधणार? वाटेत सिग्नल क्षीण झाला की त्याच्या आणि गोंगाटाच्या पातळीतले अंतर कमी होते. शेवटी बसवलेले यंत्र दोघांनाही सारखेच वाढवते आणि स्वतःच्या गोंगाटाची भर घालते. पुसट छायाप्रतीची मोठी प्रत काढली तर अक्षरे मोठी होतात, वाचता येत नाहीत, तसेच हे. शिवाय खालच्या वारंवारतांच्या वाहिन्या आधीच पुरेशा जोरात होत्या. त्या आणखी वाढल्याने अतिभार होऊन त्याही अडखळू लागल्या.

उपाय काढून टाकण्याचाच होता. दोन्ही स्प्लिटर काढून, खरोखर वापरात असलेल्या दोन टीव्हींसाठी दोन वाटांचा एकच चांगला स्प्लिटर ठेवला, आरजी-५९ च्या जागी आरजी-६ ओढली आणि ॲम्प्लिफायर बाजूला केला. चित्र त्याच दिवशी सुधारले. विकत आणलेले यंत्र काढून टाकल्याने चित्र सुधारते, हे मात्र त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटले नाही.

ॲम्प्लिफायर वाईट असतो असे नाही. केबल खरोखरच लांब असेल किंवा टीव्ही बरेच असतील तर तो हवाच, पण तो प्रवेशाजवळ, स्प्लिटरच्या आधी बसवावा, म्हणजे सिग्नल निकोप असतानाच वाढतो. त्याच केबलवर इंटरनेटचा मोडेम असेल तर मोडेमकडून बाहेर जाणाऱ्या माहितीचा परतीचा मार्ग मोकळा ठेवणाराच ॲम्प्लिफायर घ्यावा. वीज नसताना साधे ॲम्प्लिफायर सिग्नल जवळजवळ अडवूनच धरतात, हेही ध्यानात ठेवावे. आणि स्प्लिटरची जी वाट रिकामी असेल तिच्यावर ७५ ओहमचे टर्मिनेटर बसवावे. ती बारीकशी टोपी लावायला लोक का कंटाळतात, हे मला कधीच समजलेले नाही.

तारा पिळून वर टेप गुंडाळणे

केबल तोकडी पडली की दोन तुकड्यांच्या मधल्या तारा एकमेकींभोवती पिळायच्या, जाळी कशीबशी जुळवायची आणि वर टेप गुंडाळायची, हा प्रकार मला सर्वांत असह्य वाटतो. कोॲक्सियल केबलमध्ये मधली तार, तिच्याभोवतीचे पांढरे आवरण आणि बाहेरची जाळी यांच्यातील अंतरावर तिचा ७५ ओहमचा गुणधर्म अवलंबून असतो. पिळलेल्या जागी तो मोडतो, सिग्नलचा काही भाग मागे परततो आणि उघड्या पडलेल्या जाळीतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मोबाईल सेवेसाठी अनेक ठिकाणी वापरले जाणारे ७०० ते ८०० मेगाहर्ट्झचे पट्टे केबलच्याही वापरात असतात. फोन शेजारी ठेवला की चित्र फुटत असेल तर असा जोड जवळपास शोधावा.

केबल वाढवायचीच असेल तर दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन पद्धतीचे, म्हणजे अवजाराने आवळून बसवायचे, एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची आटे असलेली जोडणी) बसवून मध्ये जोडनळी वापरावी. कनेक्टर बसवताना पांढरे आवरण आतल्या तळाशी सपाट यावे, मधली तार कडेबाहेर सुमारे तीन मिलिमीटर राहावी आणि जाळीचा एकही केस तिला शिवू नये. तो एक केसही शॉर्टसर्किट करायला पुरतो. नुसते दाबून बसणारे कनेक्टर मी घरात ठेवतच नाही. चित्र चालू ठेवून प्रत्येक कनेक्टर हलक्या हाताने हलवून पाहावा. ज्याला हात लावताच चौकोन उमटतात तो कापून नवा बसवावा, पुन्हा आवळत बसू नये.

केबल काटकोनात दुमडू नये, तिच्या जाडीच्या दहापट त्रिज्येचे वळण द्यावे. खिळ्याने चेपू नये. बाहेरून आत येण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते. ग्राउंडिंगची तार ‘अडचण होते’ म्हणून कोणीही सोडवू नये.

आकडे न पाहता तक्रार करणे

बहुतेक बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पातळी आणि गुणवत्ता दाखवणारे पान असते. पातळी ० डीबीएमव्ही, म्हणजेच ६० डीबी मायक्रोव्होल्टच्या आसपास असली की मी निश्चिंत असतो. गुणवत्ता त्याहून महत्त्वाची: २५६ क्वॅम या, सिग्नलवर डिजिटल माहिती चढवण्याच्या पद्धतीने येणाऱ्या वाहिनीसाठी ती ३३-३४ डेसिबलच्या वर असावी; ३० च्या जवळ आली की ती वाहिनी फुटण्याच्या बेतात असते. पातळी भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर अतिभार किंवा गोंगाट शोधावा. दोन्ही कमी असतील तर आधी वाटेतील घट शोधावी.

हे आकडे दोन ठिकाणी लिहून घ्यावेत: टीव्हीपाशी आणि केबल घरात शिरते तिथे. प्रवेशापाशीच ते खराब असतील तर घरातले काहीही न बदलता केबलचालकाला बोलवावे, आणि ‘चित्र नीट येत नाही’ एवढेच न सांगता कोणत्या वाहिन्या, कोणत्या वेळी, किती गुणवत्तेवर फुटतात हे सांगावे. तंत्रज्ञ आला की त्याचा मीटर त्याला प्रवेशापाशीच लावायला सांगावा, टीव्हीच्या मागे नव्हे.