रेझ्युमेचं टेम्प्लेट निवडताना आधी नोटपॅड उघडा

बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत हातात द्यायचा रेझ्युमे आणि पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीच्या पोर्टलवर चढवायचा रेझ्युमे एकाच टेम्प्लेटमध्ये बसतो. टेम्प्लेटसाठी पैसे मोजू नका. वर्ड किंवा गूगल डॉक्समधलं सगळ्यात साधं घ्या: पांढरं पान, काळी अक्षरं, कॅलिब्री किंवा एरियल, 11 पॉइंट. फ्रेशरला एक पान पुरतं. पानाचा आकार ए४ करून घ्या, कारण बरीच टेम्प्लेट अमेरिकन लेटर मापाची असतात आणि झेरॉक्सच्या दुकानात छापताना समास बिघडतो.

आता कॉलम. मुलं नेमकी इथे फसतात, आणि मलाही हे उमगायला बराच काळ लागला. डावीकडे रंगीत पट्टी, तिच्यात फोटो, फोन आणि कौशल्यं, उजवीकडे अनुभव असं टेम्प्लेट दिसायला देखणं असतं. पण मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातली काही सॉफ्टवेअर दोन्ही कॉलम ओलांडून ओळ आडवी वाचत जातात. मग तुमचा फोन नंबर कंपनीच्या नावात घुसतो आणि शिक्षण अनुभवात मिसळतं. टेक्स्ट बॉक्समधला किंवा पानाच्या हेडरमधला मजकूर तर कधी कधी वाचलाच जात नाही. ईमेल हेडरमध्ये असेल तर तुम्हाला बोलावणार कसं?

म्हणून टेम्प्लेट पसंत करण्याआधी त्यात चार ओळी भरा, पीडीएफ करा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, शिक्षण, काम याच क्रमाने उतरलं तर ठेवा. क्रम विस्कटला तर ते टेम्प्लेट सोडा, दुरुस्त करत बसू नका. मजकूर सिलेक्टच होत नसेल तर ती फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. छापलेला कागद मोबाइलने स्कॅन करून पाठवणाऱ्यांचं हेच होतं.

कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या रंगवणारं टेम्प्लेटही नको. चार चांदण्यांचं वेल्डिंग म्हणजे काय, हे कुणालाच कळत नाही. ‘टिग वेल्डिंग, स्टेनलेस स्टील पाइप’ किंवा ‘सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल’ असं लिहा. त्यासाठी टेम्प्लेटमध्ये ओळभर जागा हवी, एवढंच बघा.

आपल्या भागासाठी आणखी दोन जागा राखून ठेवा. शिक्षणाच्या रकान्यात एसएसएलसीपुढे दहावी आणि पीयूसीपुढे बारावी असंही लिहा. महाराष्ट्रात कागल किंवा चाकणच्या माणसाला पीयूसी कळेलच असं नाही. आणि भाषांची ओळ हवीच. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी यांतली कुठली बोलता येते, कुठली वाचता-लिहिता येते, ते वेगवेगळं लिहा. मराठी माध्यमात शिकून कन्नडही बोलणारी मुलं ही ओळ गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. सीमेच्या दोन्ही बाजूंना सेल्स आणि सर्व्हिसच्या कामात हीच ओळ उपयोगी पडते. कन्नड नुसती समजत असेल तर तेवढंच लिहा, मुलाखतीत लगेच कळतं.

वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय की नाही असे रकाने टेम्प्लेटमध्ये असतील तर काढून टाका. फोटो मागितला तरच.

सायबरवाल्याकडून करून घेत असाल तर पैसे देण्याआधी वर्डची फाइल स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या. नुसती पीडीएफ घेऊन घरी आलात तर फोन नंबर बदलायलाही पुन्हा त्याच दुकानात जावं लागेल.